कुकीचा फेरफार

सर्व्हरवरून कुकी डिलीट करता येत नाही.

हे वाक्य वाचून रोज पीएचपी, जावा नाहीतर पायथन बडवणारे म्हणतील, काहीतरीच काय! आम्ही तर रोज करतो. सेटकुकी नावाचं फंक्शन घ्यायचं, व्हॅल्यू रिकामी ठेवायची, तारीख जुनी टाकायची, की गेली कुकी. मान्य. पण त्या एका ओळीने नक्की काय होतं, हे कधी थांबून बघितलंय? मी पाच-सहा वर्षं याच धंद्यात आहे, पण हे पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणाला समजावून सांगायची वेळ ऑफिसात कधी आली नाही. ती आली राजुरीत.

राजुरी म्हणजे जुन्नर तालुक्यातली. हे सांगावं लागतं, कारण महाराष्ट्रात राजुरी एकच नाही. एक राहाता तालुक्यात आहे, एक बीडजवळ आहे. आमची राजुरी कल्याण-नगर रस्त्यावर, आळेफाट्याच्या पुढे आणि बेल्ह्याच्या अलीकडे. पुण्याहून निघायचं, चाकणच्या ट्रॅफिकला मनसोक्त शिव्या घालायच्या, मंचर-नारायणगाव करत आळेफाट्याला उजवीकडे वळायचं. दूध, कांदा आणि अधूनमधून बिबट्या. माझं आजोळ. (नुसतं गावाचं नाव सांगून भागत नाही, तालुकाही सांगावा लागतो, एवढं लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.)

मामाचं तिथे सेवा केंद्र आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन आणि बाहेर झेरॉक्सची पाटी. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, योजनांचे फॉर्म, पोरांचे निकाल, सगळं याच दोन कॉम्प्युटरवर. दिवसभरात पन्नास माणसं त्या एका खुर्चीत बसून उठत असतील. ही खुर्ची पण लक्षात ठेवा.

तर झालं असं. त्या भागातल्या एका संस्थेने आपल्या सभासदांसाठी छोटी साइट केली आहे. संस्थेचं नाव सांगत नाही, काय काम करते तेही नाही. सभासदाने मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी टाकायचा, की त्याचा हिशोब दिसतो. भरलेलं किती, राहिलेलं किती, हप्ता कधीचा. एका गृहस्थांनी मामाच्या केंद्रात आपला हिशोब बघितला, 'बाहेर पडा' हे बटण दाबलं, 'आपण यशस्वीरीत्या बाहेर पडला आहात' असा शुद्ध मराठी निरोप वाचला आणि ते घरी गेले. दहा मिनिटांनी दुसरे गृहस्थ त्याच खुर्चीत बसले. त्यांनी साइट उघडली. नंबर नाही, ओटीपी नाही, थेट पहिल्याचं नाव आणि त्याची थकबाकी!

दोघं एकाच भावकीतले. आणि बांधावरून बोलणं बंद असलेले.

गावात थकबाकीचा आकडा म्हणजे काय असतो, हे शहरात राहून कळत नाही. आपल्या क्रेडिट कार्डाचं बिल शेजाऱ्याने वाचलं तर आपण चिडू आणि विसरू. तिथे संध्याकाळपर्यंत तो आकडा दूध घालायला आलेल्या प्रत्येकाला माहीत होता. पुढच्या वर्षी पोरीचं लग्न काढायचंय, त्या माणसाचा हा आकडा! आणि त्याने निष्कर्ष काढला तो साधा आणि सरळ: केंद्रवाल्याने दाखवला. दुसरं कोण दाखवणार? मी तर बाहेर पडलो होतो, स्क्रीनवर तसं लिहून आलं होतं.

मामाचा शनिवारी सकाळी फोन. "भाच्या, एवढी फी भरून तुझं इंजिनिअरिंग केलं तुझ्या बापानं. ये जरा. माझं नाव गेलंय."

गेलो.

ब्राउजरमध्ये एफ-१२ दाबलं की जो पडदा उघडतो, त्यात नेटवर्कचं पान असतं. सर्व्हरने काय पाठवलं, ब्राउजरने काय पाठवलं, सगळं तिथे दिसतं. सर्व्हरचा कोड बघायची गरजच नाही. मामाच्याच सभासद खात्याने लॉगिन केलं, 'बाहेर पडा' दाबलं आणि दोन ओळी शेजारी शेजारी ठेवल्या. पाच मिनिटांत कारण सापडलं. ते मामाला समजावायला मात्र दुपार गेली, आणि खरं सांगायचं तर ती दुपारच मला जास्त आवडली.

मुळापासून सांगतो. वेब सर्व्हर हा विसराळू प्राणी आहे. तुम्ही एक पान मागता, तो देतो आणि तुम्हाला विसरतो. दुसरं पान मागितलंत की त्याच्या दृष्टीने तुम्ही नवीन गिऱ्हाईक. १९९४ साली नेटस्केपमध्ये लू मोंटुली नावाच्या प्रोग्रामरने यावर उपाय काढला. तेव्हा इंटरनेटवर दुकान काढायची स्वप्नं पडायला लागली होती, आणि गिऱ्हाइकाची अर्धवट भरलेली टोपली सर्व्हरवर सांभाळायची नव्हती. मग सर्व्हरने चिठ्ठी लिहून ब्राउजरच्या हातात द्यायची आणि ब्राउजरने दर खेपेला ती दाखवायची, असं ठरलं. ही चिठ्ठी म्हणजे कुकी. नाव युनिक्सवाल्यांच्या 'मॅजिक कुकी' या जुन्या शब्दावरून आलं, खाण्याच्या बिस्किटाशी संबंध तेवढाच.

(कुकी म्हटलं की हल्ली लोकांना जाहिरातींचा पाठलाग आणि 'स्वीकारा' म्हणणाऱ्या त्या पट्ट्या आठवतात. त्या तिऱ्हाइताच्या कुक्या. गूगलने २०२० मध्ये त्या दोन वर्षांत क्रोममधून काढून टाकू म्हणून जाहीर केलं, तारखा पुढे ढकलल्या आणि २०२४ मध्ये बेत गुंडाळला. ते वेगळं रामायण. इथे विषय साध्या, घरच्या कुकीचा.)

कुकी सेट होते ती एका ओळीने. पान पाठवण्याआधी सर्व्हर जी हेडरं पाठवतो, त्यातलं एक सेट-कुकी. त्यात नाव, किंमत, आणि मग अटी: कुठल्या डोमेनसाठी, कुठल्या पाथसाठी, कधीपर्यंत, फक्त सुरक्षित जोडणीवर का, जावास्क्रिप्टला दिसावी का. संस्थेच्या साइटवर लॉगिन झाल्यावर अशी ओळ येत होती, मराठीत लिहायची तर:

सेट-कुकी: टोकन=(लांबलचक अक्षरं); मॅक्स-एज=२५९२०००

पंचवीस लाख ब्याण्णव हजार सेकंद, म्हणजे बरोबर ३० दिवस. सभासदाला सारखा ओटीपी मागायला नको म्हणून महिन्याची मुदत. स्वतःच्या मोबाइलवर उत्तम सोय. मामाच्या खुर्चीत, विचारू नका. शेजारी आणखी एक कुकी होती, गावाच्या नावाची. तिची किंमत बघून मामा म्हणाला, "ह्ये काय टक्के टक्के? व्याजाचा दर का काय?" म्हटलं, मामा, ही राजुरी आहे. कुकीत देवनागरी अक्षरं थेट ठेवता येत नाहीत, म्हणून पीएचपीचं सेटकुकी त्यांना टक्क्याच्या चिन्हांत गुंडाळतं. आपल्या एकेका अक्षरखुणेचे तीन बाइट, एकेका बाइटची तीन चिन्हं. राजुरीत काना, उकार आणि वेलांटी धरून सहा खुणा आहेत, म्हणजे चिन्हं झाली ५४! एका कुकीची मर्यादा साधारण ४०९६ बाइटची, तेव्हा मराठीत फार तर साडेचारशे खुणा मावतील. पत्ता ठीक आहे, पत्र नको.

आता डिलीट.

कुकी असते ब्राउजरच्या घरात. मामाच्या कॉम्प्युटरवर, त्याच्या हार्ड डिस्कवर. सर्व्हर कुठेतरी डेटा सेंटरमध्ये. सर्व्हरचा हात तिथपर्यंत पोचत नाही. बरं, 'कुकी डिलीट करा' असं सांगणारं हेडरसुद्धा मूळ आराखड्यात नाही. सर्व्हरला बोलता येतं ते एकच वाक्य: ही कुकी ठेव. मग डिलीट कसं करायचं? तर, त्याच नावाची दुसरी कुकी ठेवायला सांगायचं, जिची मुदत आधीच संपली आहे. ब्राउजर ती घेतो, जुनीच्या जागी ठेवतो, तारीख बघतो, म्हणतो ही तर शिळी, आणि टाकून देतो. म्हणजे पुसणं नावाची क्रियाच नाही. नवी नोंद करून जुनी रद्द करायची, बस.

इथपर्यंत आलो आणि मामा एकदम सरळ होऊन बसला. "म्हणजे फेरफार!"

अगदी! यापेक्षा चांगला शब्द मला पुण्यात कुणी दिला नसता. सातबाऱ्यावरचं नाव कुणी खोडरबराने पुसत नाही. गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नवी नोंद होते, पंधरा दिवसांची नोटीस निघते, मंडळ अधिकारी ती मंजूर करतो आणि मग जुन्या नावाला कंस होतो. कुकीला नोटीस नाही आणि मंडळ अधिकारी नाही, तेवढं सुख. पण तत्त्व तेच. आणि फेरफारात सगळ्यात महत्त्वाचं काय असतं? गाव, तालुका, गट नंबर. नाव बरोबर आणि गट नंबर चुकला, तर भलत्याच जमिनीला फेरफार आणि मूळ नोंद जिथल्या तिथे.

कुकीची ओळख नुसत्या नावाने ठरत नाही. नाव, डोमेन आणि पाथ, तिन्ही मिळून एक कुकी. २०११ सालचा आरएफसी ६२६५ हा या विषयाचा आजही कामाला येणारा दस्तऐवज, त्यात हे स्वच्छ लिहिलंय. नाव तेच पण पाथ वेगळा, तर ब्राउजरच्या लेखी त्या दोन वेगळ्या कुक्या. जुन्नरची राजुरी आणि राहात्याची राजुरी.

संस्थेच्या साइटवर नेमकं हेच झालं होतं. लॉगिनची स्क्रिप्ट साइटच्या अगदी वरच्या फोल्डरमध्ये. सेट करताना पाथ दिलाच नव्हता. पाथ दिला नाही की ज्या पानाकडून कुकी आली त्याचं फोल्डर ब्राउजर धरून चालतो. म्हणजे इथे पाथ झाला नुसती तिरकी रेघ: सगळी साइट. बाहेर पडायची स्क्रिप्ट मात्र 'सभासद' नावाच्या आतल्या फोल्डरमध्ये. तिथेही पाथ दिला नव्हता. तेव्हा तिचा पाथ झाला तिरकी रेघ सभासद. ब्राउजरने आज्ञाधारकपणे 'सभासद'च्या गटातली टोकन नावाची कुकी रद्द केली, जी मुळात नव्हतीच. वरची ३० दिवसांची कुकी शाबूत. पानावर 'आपण यशस्वीरीत्या बाहेर पडला आहात'. कुणालाच एरर नाही. सर्व्हर खूश, ब्राउजर खूश, भावकीत आग.

आणि यातली खरी मेख पुढे आहे. ब्राउजर कुकी परत पाठवतो तेव्हा फक्त नाव आणि किंमत पाठवतो. पाथ नाही, डोमेन नाही, मुदत नाही. चावडीवर माणूस येऊन नुसतं "मी राजुरीचा" म्हणाला, तर तुम्ही काय समजणार? म्हणजे सर्व्हरला आपलीच चिठ्ठी बघून ती कुठल्या अटींवर दिली होती ते कळत नाही. डिलीट करायचं तर सेट करताना काय लिहिलं होतं ते स्वतःच कुठेतरी लिहून ठेवायला हवं. एकाच नावाच्या दोन कुक्या असल्या तर दोन्ही येतात, लांब पाथवाली आधी, आणि पीएचपी पहिली घेऊन दुसरीकडे बघतही नाही. असे बग शोधायला बसलं की दिवस कसा जातो कळत नाही.

डोमेनची हीच तऱ्हा. सेट करताना डोमेन लिहिलं, तर ती कुकी सगळ्या सबडोमेनांना लागू. लिहिलं नाही, तर फक्त त्या एका पत्त्याला. साइट कधी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून उघडायची आणि कधी न लावता, हा आपल्याकडचा लाडका घोळ. तिथून सेट केलेली इथून जात नाही.

तारखेबद्दल थोडं, कारण मामाने विचारलं, "जुनी तारीख म्हंजे किती जुनी?" बरेच जण एक तास मागची देतात. त्यामागे कटकट अशी, की मुदत तारखेत दिली तर ती तपासायची ब्राउजरकडच्या घड्याळाने. आणि सेवा केंद्रातलं घड्याळ! कुणीतरी हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मागची एंट्री करायला कॉम्प्युटरची तारीखच कालची करून ठेवतो आणि विसरून जातो. त्या कॉम्प्युटरच्या हिशोबाने तुमची तासापूर्वीची वेळ अजून उजाडायचीच असते. आताचे ब्राउजर शहाणे झालेत, बरेचसे सर्व्हरच्या घड्याळाशी ताडून बघतात. शिवाय मॅक्स-एज आहे, ते तारीख नाही तर सेकंद सांगतं. शून्य सेकंद म्हणजे आत्ताच संपली, घड्याळ काहीही दाखवो. दोन्ही दिले तर मॅक्स-एजचंच चालतं. इंटरनेट एक्सप्लोररला आठव्या आवृत्तीपर्यंत मॅक्स-एज कळतच नव्हतं, म्हणून त्या काळातल्या कोडमध्ये तारखाच तारखा दिसतात.

पीएचपी तर व्हॅल्यू रिकामी दिली की तुमच्या तारखेकडे लक्षच देत नाही. स्वतः 'डिलिटेड' अशी व्हॅल्यू घालतं आणि मुदत टाकतं १ जानेवारी १९७०, ग्रीनिचची मध्यरात्र उलटून एक सेकंद. कॉम्प्युटरचा काळ सुरू होतो तो क्षण, आणि एक सेकंद वर. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच. राजुरीत धारा काढायची वेळ. मामाला हे फार आवडलं. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो आता हे सांगतो, संदर्भ असो वा नसो :-)

साइट बनवणारा मुलगा पुण्यातला, एकटाच कामं घेणारा. संस्थेच्या सचिवांकडून नंबर मिळाला. मी दोन्ही ओळींचे स्क्रीनशॉट पाठवले. त्याचा पहिला प्रश्न: मग मला टेस्टिंगमध्ये का नाही दिसलं? विचारल्यावर कळलं, तो दर वेळी इन्कॉग्निटो खिडकीत तपासायचा. खिडकी बंद झाली की कुकी आपोआप गेली, दुसरी खिडकी कोरी. आणि सभासद बहुतेक आपापल्या मोबाइलवर, तिथे परत स्वतःचंच नाव दिसलं तर तक्रार कोण करणार? पन्नास माणसांच्या खुर्चीचा विचार पुण्यात बसून डोक्यात येतच नाही. एक माणूस, एक ब्राउजर, हे आपण कधी ठरवलं कोण जाणे. कुकीला माणूस माहीत नाही, तिला फक्त ब्राउजर माहीत आहे.

मुलगा मात्र चांगला. तासाभरात दोन्हीकडे पाथ टाकला. सेट आणि डिलीट दोन्ही एकाच फंक्शनमधून जातील असं केलं, म्हणजे अटी एकदाच लिहायच्या. "दादा, बघा आता." बघितलं. कुकी जागची हलेना!

नेटवर्कचं पान उघडलं तर बाहेर पडताना सेट-कुकीची ओळच नाही. आधी निदान चुकीची ओळ येत होती, आता तीही नाही. याचं कारण अस्सल मराठी निघालं. त्याने ती फाइल घरच्या जुन्या विंडोजवर नोटपॅडमध्ये उघडून मराठी निरोप जरा सुधारला होता आणि यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली होती. जुनं नोटपॅड अशा फाइलीच्या अगदी सुरुवातीला तीन अदृश्य बाइट घालतं, त्याला बीओएम म्हणतात. हेडरं पानाच्या मजकुराआधी जायला लागतात, आणि हे तीन बाइट म्हणजे मजकूर. ते निघाले की पीएचपी म्हणतं, हेडर्स ऑलरेडी सेंट, आता कुकी विसरा. त्याच्या स्वतःच्या मशीनवर आउटपुट बफरिंग चालू, त्यामुळे तिथे सगळं गोड. सर्व्हरवर बफरिंग बंद, आणि एरर दाखवणंही बंद, त्यामुळे तक्रारही ऐकू येईना. इंग्रजीतून काम करणाऱ्याला नोटपॅड यूटीएफ-८ विचारतच नव्हतं, म्हणून हा त्रास खास आपल्यासारख्यांच्या वाट्याला. २०१९ मध्ये विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅडने ही सवय सोडली. पण जुनी विंडोज अजून घराघरांत आहे.

ते निस्तरलं. आता बाहेर पडल्यावर कुकी जायला लागली.

म्हटलं, अजून एक तपासू. मामाच्या खात्याने लॉगिन केलं. टोकनची लांबलचक अक्षरं कॉपी करून नोटपॅडवर ठेवली. बाहेर पडलो. कुकी गेली. मग तीच अक्षरं हाताने परत त्या नावाच्या कुकीत भरली आणि पान रिफ्रेश केलं. मामाचा हिशोब समोर! मामा म्हणाला, "आपण तर बाहेर पडलो होतो." ब्राउजर बाहेर पडला होता. सर्व्हरच्या टेबलात त्या टोकनची ओळ अजून होती, महिनाभर असणार होती. कुणी कुकीची नक्कल आधीच करून ठेवली असती, तर 'बाहेर पडा' बटणाचा त्याला काहीच फरक पडला नसता. ही नक्कल करणं किती सोपं आहे हे २०१० मध्ये फायरशीप नावाच्या फायरफॉक्सच्या जोडणीने जगाला दाखवलं होतं. कॉफीशॉपच्या उघड्या वायफायवर बसायचं आणि शेजाऱ्याच्या कुक्या उचलायच्या. त्यानंतर मोठ्या साइटा झपाट्याने एचटीटीपीएसवर गेल्या.

"म्हंजे उतारा फाडला म्हणून दफ्तरातलं नाव जात न्हाई," मामा म्हणाला. मी हे फोनवर त्या मुलाला जसंच्या तसं सांगितलं. आधी टेबलातली ओळ काढ, मग कुकी. पीएचपीचं स्वतःचं सेशन वापरणाऱ्यांनाही हे उलट बाजूने लागू आहे. सेशन-डिस्ट्रॉय सर्व्हरवरचा डेटा काढतं, पण ब्राउजरमधली कुकी तशीच ठेवतं. एकाने दफ्तर साफ होतं, दुसऱ्याने उतारा. दोन्ही कामं वेगळी आणि दोन्ही करायची.

"मग ब्राउजर बंद केला की जाईल अशीच ठेवायची ना कुकी, महिनाभराची कशाला?" हा मामाचा प्रश्न बिनतोड होता. मुदतच दिली नाही तर कुकी ब्राउजर बंद होईपर्यंतच राहते, असं पुस्तकात लिहिलंय. पण मामाच्याच क्रोममध्ये 'जिथे सोडलं तिथून सुरू करा' ही सोय चालू होती. त्या सोयीत ब्राउजर उघडताना जुन्या टॅबांबरोबर असल्या कुक्याही परत येतात. लाइट जाऊन आली तरी सगळं जिथल्या तिथे मिळावं म्हणून मामानेच ती चालू केलेली. शेवटी मुलाने लॉगिनच्या पानावर एक खूण करायचा चौकोन टाकला: 'हा माझा स्वतःचा मोबाइल आहे'. खूण केली तर ३० दिवस. नाहीतर सर्व्हरवरच्या ओळीला दहा मिनिटांची मुदत. कुकी ब्राउजरमध्ये कितीही दिवस पडून राहो, सर्व्हर तिला ओळख दाखवणार नाही. माझ्या मते आख्ख्या प्रकरणातला सगळ्यात चांगला बदल हाच, आणि त्यात कुकीला हातही लावलेला नाही.

रविवारी सकाळी मामा स्वतः त्या गृहस्थांच्या घरी गेला, मला घेऊन. मी पाथ आणि फोल्डर वगैरे सुरू करणार तोवर मामानेच सांगून टाकलं: "तुझ्या नावाला कंस करायचा व्हता, त्यांनी दुसऱ्याच गटात केला. मी न्हाई दाखवलं." त्यांनी ऐकून घेतलं. दोन-तीन प्रश्न विचारले, तेही मुद्द्याचे. मग असं किती जणांचं दिसलं असेल? माझं अजून कुठे दिसतंय का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्याचं होतं: टेबलातल्या सगळ्या जुन्या ओळी शनिवारी रात्रीच काढून टाकल्या होत्या, आता कुठलीच जुनी चिठ्ठी चालणार नाही. त्यांनी चहा पाजला. मामाला हात जोडले. पुढच्या आठवड्यात त्यांना सातबारा लागला, तो त्यांनी आळेफाट्याला जाऊन काढला, हेही मामानेच फोनवर सांगितलं. आकडा सर्व्हरवरून गेला, गावातून कसा जाणार.

त्याच फोनवर मामीचा आवाज मागून आला. मामा जेवायला गेला की केंद्र तीच सांभाळते. ती म्हणत होती, बाहेर पडल्यावर ब्राउजरचा मागे जायचा बाण दाबला तर हिशोबाचं पान अजून दिसतंय. त्यात कुकीचा दोष नाही. ते पान ब्राउजरने साठवून ठेवलेलं असतं, बाणाने तो सर्व्हरला न विचारता तेच दाखवतो, आणि तसं करू नको म्हणून सांगायला कॅश-कंट्रोल नावाचं दुसरंच हेडर आहे. मुलाला मेसेज टाकलाय. नो-स्टोअर म्हणून.